माझं नाव 'जपून ठेव' होतं

मी एक जुनं फंक्शन आहे, म्हणजे एकच ठरलेलं काम करणारा प्रोग्रामचा छोटा तुकडा, अवघ्या अकरा ओळींचा. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. संगणकात जी चित्रं, खेळ आणि पत्रं दिसतात, त्या सगळ्यांच्या खाली एक मूळ प्रोग्राम अखंड राबत असतो. त्याला कर्नल म्हणतात. वरच्या मंडळींना काही काम करून हवं असलं, की ती कर्नलमधल्या कुणाला तरी नावाने हाक मारतात. मला एका सेकंदात हजारो हाका येतात. जन्मल्यापासून घटकाभर टेकायला मिळालेलं नाही.

माझं नाव इंग्रजी अक्षरांत होतं. मराठीत सांगायचं तर 'जपून ठेव'.

मला लिहिणाऱ्याला ऑफिसात सगळे तुफान म्हणत. बोलणं झटपट, टाईप करणं त्याहून झटपट. तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून त्याने मला एकाच सकाळी हातावेगळं केलं. माझं काम असं, की कुणी माहिती दिली तर ती घ्यायची, रांगेत लावायची आणि लगेच 'झालं' म्हणायचं. रांगेतला माल डिस्कवर, म्हणजे वीज गेली तरी तो टिकेल अशा जागी, नेऊन लिहिणारा गडी वेगळा. तो चार-पाच सेकंदांनी फेरी मारी. म्हणजे मी 'झालं' म्हणे तेव्हा काहीच झालेलं नसे. तेवढ्यात वीज गेली, तर माल कायमचा जाई.

कोणताही कोड दुसऱ्याने वाचून सही केल्याशिवाय कर्नलमध्ये जात नसे. मला वाचलं मावशींनी. त्या कुणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या, पण वयाने सर्वांत मोठ्या होत्या आणि चूक दाखवताना कुणाची भीड ठेवत नसत. माझ्या पहिल्याच ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"अरे, हे जपून कुठे ठेवतंय? हे तर नुसतं रांगेत लावतंय. मग 'रांगेत लाव' म्हण की."

"मावशी, शेवटी ठेवलं जातंच ना!" तुफान हसला. "खाली टीप लिहितो, हवं तर."

"टीप कोण वाचतं? पाटी बघूनच माणूस दुकानात शिरतो."

तेवढ्यात विभागाचे साहेब डोकावले. "मावशी, नावासाठी अडवू नका. सोमवारी प्रोग्राम गिऱ्हाइकाला द्यायचाय."

मावशींनी आपली हरकत लिहून ठेवली, आणि सही केली.

पुढची चौदा वर्षं माझा बोलबाला झाला. एवढं चपळ फंक्शन दुसरं नाही, असं लोक म्हणत. नवनवी यंत्रं मला हाका मारू लागली. मला मात्र चैन नसे. 'जपून ठेव' म्हणून कुणी विश्वासाने माल हाती द्यायचा, मी 'झालं' म्हणायचो, आणि तो बिचारा निश्चिंत होऊन निघून जायचा. त्याला थांबवून खरं सांगावं असं वाटे. पण मला लिहिलेलं तेवढंच बोलता येतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत होती. तुफानची ती टीप माझ्यापासून दोनशे ओळी खाली होती. तिथवर कुणी उतरत नसे.

मग एके दिवशी एका इस्पितळातून पत्र आलं. ते बैठकीत मोठ्याने वाचलं गेलं. मी पडद्यावर उघडाच होतो.

लहान मुलांच्या वॉर्डात औषध देणारं एक यंत्र होतं. दुपारी एक वाजता सिस्टरनी त्यातून एका बाळाला औषध दिलं. यंत्राने नोंद करायला मला हाक मारली आणि मी 'झालं' म्हणालो. त्याच क्षणी फरशी पुसताना कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि प्लग निघाला. यंत्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा नोंद नव्हती. पाळी बदलून आलेल्या सिस्टरना पडद्यावर दिसलं, औषध द्यायचं बाकी आहे. त्यांनी तयारी केली. इतक्यात बाळाचा मामा खुर्चीवरून उठला.

"सिस्टर, आत्ता तर दिलं की! मघाच्या सिस्टरनी, माझ्यासमोर."

सिस्टरनी हात आवरला आणि मघाच्या सिस्टरना फोन लावला. मामाचं खरं होतं. बाळ वाचलं.

पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, की यंत्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंना त्यांच्या कंपनीने दोषी धरून कामावरून दूर केलं आहे.

आता तुफानच विभागाचा साहेब होता. डोक्यावरचे केस निम्मे झाले होते. तो म्हणाला, "टीप लिहिलेली आहे. त्यांनी वाचायला हवी होती."

"मला ती माहीत होती, तरी आज शोधायला वीस मिनिटं लागली," मावशी म्हणाल्या. निवृत्तीला त्यांचा एक महिना उरला होता. "त्या बाईने नाव वाचलं आणि विश्वास ठेवला. चुकलं काय तिचं?"

"मग नाव तेच ठेवू आणि माल डिस्कवर जाईपर्यंत याला थांबायला लावू," तुफान म्हणाला.

"म्हणजे ज्यांना नुसती रांग हवी होती, ते सगळे अडकून पडतील. ते नको. याला याचं खरं नाव दे. खरंच लिहून होईपर्यंत थांबणारं दुसरं फंक्शन लिही. आणि जुनं नाव पुसून टाक."

"मावशी, तीनशे बारा ठिकाणी हाका आहेत! जुनं नाव सापडलं नाही, की सगळ्यांचं मोडेल."

"मोडू दे. प्रोग्राम तयार करताना मोडलं, तर माणसं आपल्याला शिव्या देतील. त्या वॉर्डात मोडलं तर..."

तुफानने माझ्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या. मग त्याने टेबलावरचा फोन ओढला आणि चारचौघांदेखत त्या बाईंच्या कंपनीला लावला. "चूक त्यांची नाही," तो म्हणाला. "नाव मी दिलं होतं. ते चुकीचं होतं. तसं लेखी पाठवतो."

"माझी सही होती त्यावर," मावशी म्हणाल्या. "माझंही नाव घाल."

नंतरचे अठरा दिवस त्या दोघांनी शेजारी बसून तीनशे बारा जागा एकेक करून तपासल्या. तुफान तेव्हा जराही भरभर टाईप करत नव्हता. एक्केचाळीस ठिकाणी लोक खरोखरच जपून ठेवण्याच्या भरवशावर राहिलेले होते; त्या हाका नव्या फंक्शनकडे वळवल्या. त्यांत एक अग्निशमन दलाचं यंत्र होतं, एक लिफ्टचं. त्या बाई महिनाभराने कामावर परतल्या. त्यांचं पत्र आलं ते दोनच ओळींचं होतं. दुसऱ्या ओळीत नवं नाव आवडल्याचं लिहिलं होतं.

आता मी 'रांगेत लाव' आहे. माझी तारीफ थोडी ओसरली. हाका मात्र तेवढ्याच, धावपळ तेवढीच, आणि वीज जराशी लुकलुकली की जीव अजून वरखाली होतो. पण हाती माल देणाऱ्याला आता ठाऊक असतं, की मी काय करतो आणि काय करत नाही.

माझ्या शेजारी ते नवं फंक्शन राहतं. शेवटचं अक्षर डिस्कवर उमटल्याशिवाय ते 'झालं' म्हणत नाही. लोक त्याला मठ्ठ म्हणतात, त्याच्या नावाने बोटं मोडतात. त्याला घाई करायला लावा, असा आग्रह धरणारं कुणी ना कुणी दर वर्षी येतंच. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हातीही कदाचित असा कोड येईल. तेव्हा त्याला ढकलू नका. त्याचं काम होऊ द्या. ते 'झालं' म्हणेपर्यंत थांबा.