न विचारता चालायची वाट

मी एक नकाशा बोलतोय. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्याचा, मागून कापड लावलेला, एक इंचाला एक मैल अशा मापाचा. नकाशानं सांगितलेलं लोक सहसा खरं मानतात, म्हणून आधीच कबूल करतो की मला सगळं नीट आठवतं याची मला स्वतःलाच खात्री नाही. माझ्या घड्यांवर जे जे होतं ते झिजून गेलंय. एक चर्च गेलं, दोन ओढे गेले आणि एका गावाच्या नावाची पहिली तीन अक्षरं गेली. शिवाय जन्मभर मी कुणाच्या ना कुणाच्या खिशात राहिलो. बाहेरचं अर्धं दिसायचं, अर्धं कानावर यायचं. उरलेलं मी मनानंच भरलं असेल. तेव्हा ऐकताना थोडा संशय ठेवा. मीही ठेवतो.

१९४७ साली मी छापला गेलो. लीड्स शहरातल्या विल्फ्रेड होलरॉइड नावाच्या भूगोलाच्या मास्तरांनी मला घेतलं. दर रविवारी ते मला कोटाच्या खिशात घालून रानोमाळ हिंडायचे आणि संध्याकाळी घरी आले की माझ्यावर लाल पेन्सिलीनं त्या दिवसाची वाट आखून शेजारी बारीक तारीख घालायचे. त्यांच्या बायकोचं नाव एनिड. दोघांची आवडती वाट स्कारबेक गावाजवळची. गल्लीतून निघायचं, ॲल्डरसनच्या दोन कुरणांतून सरळ जायचं की धबधब्यासमोरचा दगडी बाक. जेमतेम अर्धा मैल, चढ नाही. गंमत अशी की ही वाट माझ्यावर छापलेलीच नाही. तिथं फक्त मास्तरांच्या लाल रेघा आहेत, एकतीस. शेवटची १९६८ची. त्या वर्षी मास्तर वारले आणि मी सुतळी आणि मेणबत्त्यांच्या खणात जाऊन पडलो.

मला बाहेर काढलं ते १९७२च्या हिवाळ्यात. एनिडबाईंनी वरची खोली एका परदेशी विद्यार्थ्याला दिली होती. तोमोकी काजिता त्याचं नाव. जपानहून लीड्सच्या विद्यापीठात कापडाच्या रंगांचं रसायन शिकायला आला होता.

"हा आमच्या विल्फचा," बाई मला टेबलावर ठेवत म्हणाल्या. "भिजवायचा नाही, याच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही आणि पेन्सिल टेकवायची नाही. कळलं?"

"कळलं, मिसेस होलरॉइड."

"आणि तो पडका मठ बघून ये. इतक्या लांब आलास नि मठ बघितला नाहीस, तर आईला काय सांगशील? पाऊस बघितला म्हणून?"

तो हसला नाही. दोन्ही हातांनी मला उचललं आणि थोडा वाकला. एवढा वाकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तिथूनच माझ्या मनात काहीतरी सलायला लागलं.

त्याचं हिंडणंही सरळ नव्हतं. मठाच्या भिंतींसमोर लोक तास तास उभे राहतात. हा दहा मिनिटांत एक फोटो काढून मागच्या बाजूला गेला आणि दगडावरच्या शेवाळाकडे बघत बसला. यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये रंगीत काचांखाली दुपारभर उभा राहून वहीत त्याच्या लिपीत काहीबाही लिहीत होता. समुद्रकाठी गेला तर लाटा सोडून वाळत घातलेल्या मासेमारीच्या जाळ्यांचे फोटो. बंद पडलेल्या लोकरीच्या गिरण्यांसमोर तर हमखास थांबायचा. बसचा कंडक्टर एकदा तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काय रे, आज कुठली गिरणी टिपलीस? जेवढ्या उरल्यात तेवढ्या मोजून ठेव बाबा, म्हणजे तुमच्याकडच्यांना त्याही बंद पाडायला सोपं पडेल."

"मी फक्त रंग बघतो," काजिता म्हणाला.

"आमच्यात एकच रंग. काजळीचा." पुढच्या बाकावरच्या दोन बायका फिसकन हसल्या. मी नाही हसलो.

मग एका संध्याकाळी त्यानं माझ्यावर पारदर्शक कागद पसरला आणि मास्तरांच्या एकूण एक रेघा, तारखांसकट, उतरवून घेतल्या. पेन्सिल मला टेकली नाही. बाईंचा शब्द त्यानं पाळला. पण हा शब्द पाळायचा प्रकार मला फार सफाईदार वाटला. छापलेल्या मोठमोठ्या गावांकडे न बघता एका मेलेल्या माणसाच्या रेघा कुणी कशाला नेईल? मी विचार करकरून थकलो. काही सुचलं नाही की वाईटच सुचतं, निदान मला तरी.

पुढच्या रविवारी आम्ही स्कारबेकला उतरलो. काजिता कुरणाच्या फाटकापाशी थांबला, टोपी काढली आणि वाट सोडून थेट ॲल्डरसनच्या दारावर टकटक केलं. ॲल्डरसन चाळिशीचा, नुकताच बापाच्या पश्चात मालक झालेला.

"मी तुमच्या शेतातून धबधब्याकडे जाऊ का?"

"जा की. कुणी अडवलंय?"

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. "अरे, परवा तर विचारून गेलास," ॲल्डरसन म्हणाला.

"आज वेगळा दिवस आहे."

काजितानं आईनं पाठवलेला तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा डबा त्याला दिला. ॲल्डरसननं आतून सहा अंडी आणून दिली. असं वसंतभर चाललं. अंडी बाईंच्या तव्यावर जायची. कुठली, हे त्यांनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. एकदा ॲल्डरसन म्हणाला, "बाकीचे बेटे कधी विचारतात? तूच एक माणूस निघालास." काजिता तोंड मिटून हसला. ते हसू मला ऐकू आलं, किंवा आलंसं वाटलं. दोघांचं आतून काहीतरी ठरलंय, असं मी त्या दिवशी धरून बसलो.

ऑक्टोबरमध्ये फाटकाला साखळी लागली आणि वर पाटी: खासगी जागा, परवानगीशिवाय प्रवेश नाही. ॲल्डरसनला त्या कुरणांत सुट्टीवाल्यांच्या फिरत्या घरांच्या गाड्या उभ्या करायच्या होत्या.

एनिडबाईंना ही बातमी झोंबली. त्या दर चार मेला, मास्तरांच्या वाढदिवशी, चहाचा थर्मास घेऊन त्या बाकावर जाऊन बसायच्या. खुबा दुखायचा. वळसा घालून जायचा दुसरा रस्ता डोंगरावरून दोन मैलांचा होता, तो त्यांच्याच्यानं होणार नव्हता. ही वाट गेली की बाक गेला.

आमच्याकडे वाट चालून चालून लोकांची होते. अडवली जाईपर्यंतची सलग वीस वर्षं लोक उघडपणे, कुणालाही न विचारता जात राहिले, तर मालकालाही ती बंद करता येत नाही. विचारून गेलात तर मात्र ती मालकाची मेहेरबानी, ती वर्षं धरत नाहीत. बाईंनी अर्ज केला. १९७४च्या एप्रिलमध्ये गावच्या सभागृहात सुनावणी लागली आणि मी साक्षीदार म्हणून टेबलावर उघडला गेलो. पहिल्यांदाच इतकी माणसं मला बघत होती. माझ्या घड्या लाजेनं चुरचुरत होत्या.

परगण्याच्या अधिकाऱ्यानं भिंगातून एकतीस रेघा मोजल्या. "उत्तम आहे हे, बाई. पण शेवटची रेघ अडुसष्टची. त्यानंतरची पाच वर्षं कोण गेलं?"

"मी जाते. दर चार मेला."

"वर्षातून एकदाच?"

"माझा खुबा एकदाच परवानगी देतो."

लोक हसले. गावातले, ॲल्डरसनकडून दूध घेणारे, हसून खाली बघायला लागले. त्यांच्यापैकी कुणीच साक्ष द्यायला उठलं नाही.

ॲल्डरसन उठला. "साहेब, परवानगीचं म्हणाल तर लोक ती माझ्याकडे घेतात. हा मुलगा बसलाय मागं. यांच्याच घरी राहतो. विचारा याला."

काजिता उभा राहिला. "विचारलं. दर वेळी."

"का?"

"दुसऱ्याच्या अंगणातून जायचं तर... आमच्याकडे न विचारता जात नाहीत."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. अधिकारी काहीतरी लिहीत होता. निर्णय उन्हाळ्यानंतर कळवू, म्हणाला.

परतीच्या बसमध्ये बाई म्हणाल्या, "ती अंडी तिथलीच ना?"

"हो."

"आणि मी ती तळून खाल्ली. वर वाखाणलीही." मग त्या म्हणाल्या, "तू लुच्चा असतास तर बरं झालं असतं रे. लुच्च्यावर रागावता येतं. महिनाअखेर दुसरी खोली बघ."

"मिसेस होलरॉइड, मी..."

"बघ म्हटलं ना."

एप्रिलच्या तीस तारखेला तो गेला. मला टेबलावर ठेवून दोन्ही तळवे क्षणभर माझ्यावर टेकवले. मला ते नाटक वाटलं. रेघांची नक्कल त्याच्या बॅगेत होती हे मला माहीत होतं, आणि ती आता कुणाच्या हाती पडणार याबद्दलही मला शंका नव्हती. चार मे आला. बाई थर्मास भरून स्वयंपाकघरातच बसल्या.

सप्टेंबरात पत्र आलं. वाट लोकांची ठरली होती. साखळी काढावी असा हुकूम होता. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. शेजारणीला म्हणाल्या, "सरकारी माणसं शेवटी शहाणी निघाली." काजिताबद्दल शेजारणीनं विचारलं तर म्हणाल्या, "गेला. अंड्यांच्या मागं गेला." पुढं सोळा वर्षं त्या दर चार मेला त्या बाकावर जाऊन आल्या. मला बरोबर न्यायच्या. काजिताचं नाव मात्र त्यांनी पुन्हा घेतलं नाही. मीही मनातल्या मनात त्याला त्या ॲल्डरसनच्या शेजारीच बसवून ठेवलं होतं.

१९९१ साली बाई गेल्या आणि मी परगण्याच्या दप्तरखान्यात आलो. आता मी एका पुठ्ठ्याच्या पेटीत असतो, थंड, कोरड्या खोलीत. कुणी मळक्या हातांनी धरत नाही, कुणी भिजवत नाही, कुणी नेतही नाही. तुमच्यापैकी कुणी कधी आलंच, तर एक विनंती आहे. मला सावकाश उघडा, आणि कुणा पाहुण्या पोराला द्यायचा झाला तर खुशाल द्या. मी जपून ठेवण्याइतका बरोबर नाही.

पेटीत माझ्याबरोबर त्या सुनावणीचे कागद घातले. ते घालण्याआधी तिथल्या बाई यादी करत होत्या. ओठांत पुटपुटत वाचायची त्यांची सवय, म्हणून मला कळलं. मी चुकीचं ऐकलं असेन म्हणून दुसऱ्यांदा वाचेपर्यंत थांबलो. त्यांनी दुसऱ्यांदाही तेच वाचलं. चौदा जबाब होते. सगळे रविवारी फिरायला येणाऱ्या शहरी माणसांचे. अडुसष्टनंतर त्या वाटेनं न विचारता गेलेल्यांचे. त्यांत तो बसचा कंडक्टरही होता. प्रत्येकाला पारदर्शक कागदाचा एक तुकडा टाचलेला, त्यावर तो माणूस कुठून कुठं चालला त्याची रेघ. खाली एकाच वळणाचं अक्षर: जबाब स्कारबेकच्या बसथांब्यावर घेतला, तोमोकी काजिता. पहिल्यावरची तारीख १२ मे १९७४, शेवटच्यावरची ३० जून, आणि मधले सगळे रविवार.