कोशावरचा कर

हे लिहितच नव्हतो. दोनदा टाइप केलं, खोडलं. गोष्ट सरकारी, त्यात दोस्ताची. मंग अश्विनच म्हणाला, "लिही, देशाचं नाव तेवढं घेऊ नको."

अश्विन आमच्या मोहाडीचा. वकील झाला, दिल्लीले व्यापार खात्यात लागला. दुसऱ्या देशांसंग करार होतात, कोणत्या मालावर किती कर, त्याची बोलणी करते. परवा अचानक घरी आला. माझ्याकडं आला तं बसेच ना. आंगणात नुसता फिरून राहिला.

"काय झालं बे?"

"गोल्या, मी कोसा घालवला."

कोसा म्हणजे आपल्या आंधळगावचं रेशमी कापड. बैठकीत समोरच्या देशाचे म्हणाले, कोशावरचा कर अर्धा करतो, चालते काय? हा म्हणाला, "नाही नाही, राहू द्या."

"काहून पण?"

"निघून गेलं तोंडातून! आपल्या इकडं पहिल्याच बारीले कोण हो म्हणते? मले वाटलं, पुन्हा विचारतील. त्यायनं पुढचा विषय काढला."

तेवढ्यात माय बाहेर आली. "अश्विन, चहा मांडू काय?"

"नको मावशी, आत्ताच घेतला."

माय चहा मांडायले गेलीच.

"पाहून राहिला?" तो म्हणाला. "तिथं कोणाची माय नव्हती."

मी हसलो. तो नाही हसला. त्याच्या खात्यातल्या वरच्या मॅडमले वाटलं, अजून जास्त सूट मागायसाठी यानं डाव टाकला. शाबासकी दिली! पुढच्या बैठकीत सह्या. खरं सांगितलं तं विषय उघडू शकते, पण हा बोलणीतून बाहेर. गप्प राहिला तं नोकरीत नाव, कोसा गेला.

"अन् भोजराजभाऊ?" मी विचारलं. आंधळगावचे विणकर. त्यायच्या हातमागावर बसून यानं सारी माहिती घेतली होती, कर कमी करून आणतो म्हणाला होता.

त्यानं फिरता फिरताच फोन लावला.

"जी मॅडम... नाही, डाव नव्हता. चूक झाली माझी."

मंग नुसताच ऐकत राहिला. मायनं आणून ठेवलेल्या चहावर साय आली.

"विषय पुन्हा काढते म्हणाल्या. समोरचे मानतील का नाही, माहीत नाही. मी त्या खोलीत नसन."

फोन ठेवला, तरी फिरणं चालूच.

"भोजराजभाऊले मलेच सांगा लागन. पण एकटा गेलो तं अर्ध्यातून वापस येईन बे."

मी गाडीची चावी काढली. "मी येतो संगं. रस्त्यात कितीही म्हण, गाडी वळवणार नाही. जबान देतो तुले."