पॅनच्या आतली तारीख

गुडघा बदलून घेतला, दीड महिना घरात कुढत काढला आणि गॅरेजमध्ये परत पाय ठेवला त्याच सकाळी अर्नेस्टीन मॅबरीची जुनी व्हॅन टो होऊन आली. मागे चाकाच्या खुर्चीसाठी लिफ्ट असलेली ती व्हॅन आमच्या टोलेडोत कोण ओळखत नाही! आठवड्यातून तीनदा ती नवऱ्याला, क्लाइडला, डायलिसिसला नेते. काल भर चौकात इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, गाडी तसूभर हलली नाही. क्लाइडची पाळी हुकली. दवाखान्याने उद्या दुपारची वेळ दिली होती आणि लिफ्टवाली दुसरी गाडी कुठे मिळत नव्हती.

"व्हर्ना, तुझ्याच हातचं काम म्हणून मी निर्धास्त होते गं," अर्नेस्टीन म्हणाली.

माझ्या हातचं कसलं? मार्चमध्ये गिअरबॉक्स नव्याने बांधला तो डेलमारने, माझ्या भागीदाराने. पण डेलमारचं ते माझंच, असं मानून मी गप्प बसले. एकोणीस वर्षांचा असताना हा माझ्याकडे आला, तेव्हा त्याला पाना कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. सगळं मी शिकवलं.

व्हॅन वर चढवली आणि गिअरबॉक्सच्या तळाचं, तेल साठवणारं पॅन सोडवलं. तेल लालभडक असायला हवं, ते काळंकुट्ट निघालं. करपलेल्या दुधासारखा वास. गिअरबॉक्स उतरवून उघडला तर क्लचच्या प्लेटा जळून कोळसा झालेल्या, जुन्याच. रबरी सीलही जुनीच, दगड झालेली. बाहेरून मात्र नवाकोरा चंदेरी रंग. अस्सा संताप आला म्हणता!

मग पॅन आतून पुसून पाहिलं. आमच्या धंद्यात पद्धत आहे, ज्याने गिअरबॉक्स बांधला त्याने पॅनच्या आतल्या अंगाला आपल्या नावाची पहिली अक्षरं आणि तारीख कोरायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाहीत, पुढच्या मेकॅनिकला दिसतात. तिथे व्ही. के. कोरलं होतं. व्हर्ना कोवालिक, म्हणजे मी. खाली चौदा मार्च.

चौदा मार्चला मी ऑपरेशनच्या टेबलावर होते. त्या सकाळी डेलमार डोनटचा खोका घेऊन दवाखान्यात आला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाला होता, गॅरेजची काळजी करू नकोस, मी आहे ना. तिथून येऊन त्याने हे कोरलं. काहीही कर, पण तारीख खोटी घालू नकोस, असं मी त्याला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. तेवढं बरोबर पाळलं पठ्ठ्याने.

मी पॅन डेलमारपुढे धरलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला.

"लोक तुझं नाव विचारत येतात, उस्ताद. माझं कोण विचारतं?"

"मग प्लेटा का नाही बदलल्यास?"

"एकट्याने किती ओढणार? तेल बदललं, रंग मारला. वाटलं, चालेल वर्षभर."

"आणि नाही चाललं तर नाव माझं."

अशा आणखी किती, असं विचारलं तर खाली बघून म्हणाला, अकरा. माझ्या नावाच्या अकरा गाड्या गावभर फिरत होत्या, कुणाची पोरं घेऊन, कुणाची म्हातारी आई घेऊन. मेल्या, मागितलं असतंस तर नावही दिलं असतं रे तुला, असं ओठांवर आलं होतं. मी फक्त गॅरेजच्या किल्ल्या ठेवून जा म्हटलं. ठेवून गेला.

गुडघा ठणकत होता तरी कामाला बसले. एकेक प्लेट नवी, एकेक सील नवं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अर्नेस्टीन आली, तेव्हा फक्त पॅन लावायचं राहिलं होतं. मी तिला सगळं खरं सांगितलं. मग त्या अक्षरांच्या खाली तिच्यादेखत माझी अक्षरं आणि आजची तारीख कोरली आणि पॅन तिच्या हातात दिलं.

तिने चष्मा लावून वरची अक्षरं पाहिली, खालची पाहिली, पुन्हा वरची पाहिली.

"व्हर्ना, राग मानू नकोस," ती म्हणाली, "पण मला तर दोन्ही एकाच हातची दिसतात."

दिसणारच. वीस वर्षांपूर्वी त्याचा हात हातात धरून मीच त्याला कोरायला शिकवलं होतं.