चुण्यांचा गळा

गेल्या नवरात्रापासून अलमेलू मठात कीर्तनाला गेली की कोणी ना कोणी धावत येऊन तिचा हात धरी. "मामी, इकडून. पायरी आहे हं, हळू." आणि तिला थेट पुढे नेऊन बसवी, जिथून बुवांच्या चिपळ्यांचा नाद छातीत उतरावा इतकी जवळ. प्रसाद तळहातावर ठेवून वरून तिची बोटंही मिटवून देत. अलमेलूला वाटे, जन्मभर रामकथा ऐकली, तिचं हे फळ! माणसांना माझी भक्ती दिसू लागली. तिचे डोळे भरून येत, आणि ते भरलेले डोळे पाहून शेजारची बाई आणखीच हळहळे.

एवढा मान, पण शिवण मात्र आटलं होतं. राजवाड्यामागच्या गल्लीत 'अलमेलू मामीचा गळा' प्रसिद्ध. पोलका असो की परकर-पावाडैवरची चोळी, गळा कधी उचलला जायचा नाही, कधी दाटायचा नाही. आता मशीनवर कापडाऐवजी तांदूळ निवडायचं सूप पडलेलं असे.

"रेडीमेडचा काळ अक्का, आता कोण शिवून घेतं?" धाकटी जाऊ भुवना रोज सकाळी वाफाळती कापी घेऊन यायची आणि समजूत घालायची. "मला तरी कोठे मिळतं? किरकोळ, फॉल-बिडिंग. तू आता नाम घे." कापीचा पेला ती अलमेलूच्या हातात नीट धरवून द्यायची. अलमेलूला वाटे, सख्खी बहीण करणार नाही एवढं ही करते. लग्न होऊन आली तेव्हा भुवनाला बटण लावता येत नव्हतं. अलमेलूनेच मांडीशी बसवून तिला कात्री धरायला शिकवली होती.

रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी जननी दारात येऊन उभी राहिली. गल्लीतल्या कामाक्षीची ही लेक नवमीला मठात पहिल्यांदा कीर्तनाला उभी राहणार होती. दारातूनच ती मोठ्यांदा ओरडली, "मामी, मी जननी! कामाक्षीची! तुमच्या समोर उभी आहे. निळा कुडता घातलाय."

"निळा कसला गे, जांभळा आहे," अलमेलू म्हणाली. "आणि खांद्यापाशी उसवलाय. ओरडतेस कशाला? मी बहिरी थोडीच आहे?"

जननीच्या हातातली पिशवी खाली पडली. "मामी... तुम्हाला दिसतं?"

"का? तू काय परमेश्वर आहेस, दिसू नयेस?"

पोरीला हसावं की रडावं कळेना. ती खाली बसली आणि मान खाली घालून बोलू लागली. "भुवनामामी म्हणाल्या, नवरात्रात तुमचे डोळे गेले. माणसांच्या सावल्या तेवढ्या दिसतात. आणि म्हणाल्या, अक्कापुढे शिवणाचं नाव काढू नका, सुईचं नाव निघालं की ती दिवसभर रडते. म्हणून कोणी... आई म्हणाली, दिसत नसलं तरी चाचपून सांगतील काय चुकलंय ते. म्हणून आले."

अलमेलू मशीनच्या चाकावर हात ठेवून तशीच बसली. चाक गार होतं. तिला एकेक आठवू लागलं. पायरी आहे हं, हळू. मिटवलेली बोटं. ती हळहळणारी शेजारीण. मठातला तो सगळा मान, ती पुढची जागा, म्हणजे आंधळीला दाखवलेली दया होती तर! आणि ती वेडी मनातल्या मनात रामाचे आभार मानत होती. शिवण गेलं त्याचं एवढं नाही, पण कीर्तनातलं ते सुख, तेही खोटं? तिने मशीनवरचं सूप उचलून खाली ठेवलं.

"दाखव," ती शेवटी म्हणाली. "काय आणलंस?"

पिशवीतून केशरी अंगरखा निघाला. चुण्याचुण्यांचं, सुरकुतलेलं कापड, हल्लीच्या मुली ज्याला क्रश म्हणतात ते. अंग सुरेख, पण गळा कसा, तर ताटलीच्या काठासारखा वर उचललेला, मानेपासून चार बोटं दूर.

"भुवनामामींकडून शिवून आला तेव्हा चांगला होता," जननी म्हणाली. "देवापुढे घालायचा म्हणून आईने सोवळ्यासाठी भिजवून वाळत घातला. आणि हे असं. झिलकऱ्या मुलींचेही तसेच."

झिलकऱ्या म्हणजे मागे उभ्या राहून ध्रुपद धरणाऱ्या मुली, त्यांचेही अंगरखे त्याच कापडाचे.

अलमेलूने गळा उलटा केला. आत जाड, ताठ कॅनव्हासची पट्टी चिकटवलेली. तिने कपाळाला हात लावला. "इस्त्री केलीन तिने. चुण्या मोडून, कापड सपाट करून मग गळा कापला. टेबलावर छान दिसतं गे. पण हे कापड पाणी लागलं की आपल्या चुण्यांत परत जातं. अंग आकसलं, पट्टी आकसेना. मग गळा उभा राहणार नाही तर काय करील?"

मडीचं, सोवळ्याचं कापड भिजणार, हे या गल्लीत जन्मलेल्या पोरालाही माहीत. भुवनाला माहीत नव्हतं? होतं. अलमेलूने शिकवलेला पहिला धडाच तो होता: चुण्यांच्या कापडाला इस्त्री दाखवायची नाही. ते सैल पसरायचं, गळ्याच्या रेघेवर आधी कच्चा दोरा घालायचा, मगच कात्री. भुवनाला घाई झाली असणार. कामं फार साठली असतील.

अलमेलूने पट्टी उसवली. गळ्यावर पाण्याचा हात फिरवला, चुण्यांना आपल्या जागी बसू दिलं. चुण्या बसताच गळा जरा आवळला, तो करंगळीभर उतरवला. जुन्या मऊ वेष्टी-धोतराची उरेब पट्टी कापली, म्हणजे तिरकी, जी वळणावर ओढ खात नाही. ती न ताणता लावली आणि आतून हाताने तुरपली, एकेक चुणी टाक्यात घेत, पण एकही न दाबता. जननीने अंगरखा चढवला. गळा मानेशी बसला, जणू तो अंगाबरोबरच विणला होता.

जननी उड्या मारत गेली. दुपारी भुवना आली, काखेत गाठोडं. पोरीने आधी तिलाच गाठलं असणार, हे भुवनाच्या चेहऱ्यावरच होतं.

"अक्का, तुला कळलंच असेल."

"बस. तूच सांग."

भुवना उभीच राहिली. "लोक माझ्या दारावरून पुढे जाऊन तुझ्याकडे यायचे. मी शिवलं तरी म्हणायचे, अलमेलू मामीचा गळा आहे. एकदा एका बाईला चुकून म्हणून गेले, अक्काला हल्ली दिसत नाही. ती मुकाट माझ्याकडे कापड ठेवून गेली."

"आणि मग गोड लागलं."

भुवनाने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

"रोज सकाळी माझ्या हातात पेला धरवून द्यायचीस. गल्लीतल्या लोकांना दिसावं म्हणून?"

"आधी तसं असेल. मग सवय झाली, अक्का. खरंच." तिने गाठोडं पुढे केलं. "झिलकऱ्यांचे आहेत. उद्या संध्याकाळी मुली उभ्या राहायच्या. तू आत बसून करून दे. दार लावून घेऊ. नेऊन मी देते. कोणाला कळायला नको."

"म्हणजे मी आणखी आंधळीच राहू?"

अलमेलूने गाठोडं घेतलं, पण आत नाही नेलं. मशीन ढकलत ढकलत बाहेर तिण्णैवर आणली, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, भर उन्हात, सगळ्या गल्लीच्या तोंडावर. "ये. तू उसव, मी शिवते. मुलींचं कीर्तन का बिघडावं?"

दोघी बसल्या. भुवना ताठ पट्ट्या उसवून जमिनीवर टाकत होती, अलमेलू सुईत दोरा ओवत होती. तेवढ्यात शेषम्मा फुलांची पुडी घेऊन येताना थबकली. मठात अलमेलूचा हात धरणाऱ्यांत ही पहिली.

"ऐय्यो! अलमेलू, दोरा ओवतेस तू?"

अलमेलू तोंड उघडणार, तोच भुवना म्हणाली, "रामाची कृपा, शेषम्मा! नवमीच्या तोंडावर अक्काला दिसायला लागलं. सकाळी उठली आणि लख्ख!"

शेषम्माने फुलं छातीशी धरली. डोळ्यांतून धारा लागल्या. "मला ठाऊक होतं! एवढं नाम घेते ती. उद्या कीर्तनात हे सांगायलाच हवं."

भुवनाने अलमेलूकडे पाहिलं. त्या नजरेत हात जोडलेले होते. आणि पाहा, वाट किती सोपी होती! कोणाची मान खाली जाणार नव्हती. आंधळ्याला दृष्टी आली, अशा कथा अलमेलूने शेकडो ऐकल्या, प्रत्येकीला रडली. त्या सगळ्यांच्या ओळीत ही एक बसवून द्यायची, की झालं. पण तिच्या जिभेवर ते खोटं येईना.

"शेषम्मा, थांब," ती म्हणाली. "रामाला यात गोवू नका. माझे डोळे गेलेच नव्हते. हिने सांगितलं होतं तसं सगळ्यांना."

शेषम्माचं रडणं मध्येच अडकलं. तिने भुवनाकडे पाहिलं, मग अलमेलूकडे. "मग मी हात धरत होते, तेव्हा तू धरू कसा दिलास?"

"मला वाटलं, तुम्ही मला मान देताय."

शेषम्मा मटकन ओट्यावर बसली. अलमेलूने पुढचा गळा मांडीवर घेतला. सुईचा आवाज तेवढा येत होता, कापडातून दोरा ओढल्याचा.

उन्हं उतरली तेव्हा शेवटचा गळा बसला. भुवनाने गाठोड्यासाठी हात पुढे केले. अलमेलूने अंगरखे घडी न मोडता शेषम्माच्या मांडीवर ठेवले. "मुलींच्या घरी तू पोचव. सांग, आता भिजवले तरी चालेल."

भुवनाने खाली पडलेल्या ताठ पट्ट्या गोळा केल्या, पदरात घेतल्या. पायरीवर उभी राहून ती म्हणाली, "येते, अक्का."

या घरातून निघताना कोणी 'येते' म्हटलं की 'ये' म्हणायचं, ही रीत अलमेलूने कधी, भांडणातसुद्धा, चुकवली नव्हती. भुवना थांबून राहिली. अलमेलूने मशीनवर आच्छादन घातलं, त्याची टोकं ओढून सरळ केली, आणि आत जाऊन देवापुढची समई लावली.