दुधावरच्या लोंब्या

माझा नवरा आमच्या मुलीशी बोलत नव्हता. घर एक, चूल एक, आणि मधली निरोपी मी. "तिले सांग, गाय सोडली का म्हनून," असं ते मला विचारायचे, तेव्हा रीता माझ्या शेजारीच उभी असायची. ती म्हणायची, "त्यायले सांग, सोडली." दोघांचे कान शाबूत होते. तरी मी मध्ये मान हलवायची, कारण ती हलवली नाही तर गाय संध्याकाळपर्यंत खुंट्यालाच राहिली असती.

नवऱ्याचं नाव उमराव. आमच्या मुर्री गावात माझ्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण या माणसानं मला इतका ताप दिला आहे की नाव घ्यायचा हक्क मी कमावला आहे.

अबोल्याचं कारण असं, की रीता सासर सोडून आली. तिचा नवरा भुपेंद्र हात उचलायचा. आम्हाला माहीत होतं, उमरावांनाही माहीत होतं. पण नातेवाइकांची बैठक बसली आणि भुपेंद्रच्या बापानं गोड गोड बोलून यांच्याकडून शब्द घेतला की पोरगी पाठवतो. रीता आतल्या खोलीतून बाहेर आली आणि सगळ्यांच्या समोर म्हणाली, "मी जात नाई." भुपेंद्रची आई तिथल्या तिथे बोलली, "इच्यात मायाच नाई. आमी आधीपासूनच पाहून राहिलो." उमराव खाली मान घालून उठले आणि वावरात निघून गेले. परत आले ते मुलीपुरते मुके होऊन. त्यांचा शब्द खाली पडला होता. माझं म्हणणं, असला शब्द पडला तर पडला, उचलायला कशाला जायचं? पण मला कोण विचारतं!

रीता तेव्हा दिवसदिवस सपरीत बसून राहायची. सपरी म्हणजे आमची पुढची पडवी. तांदूळ निवडायला दिला तर ताट मांडीवर तसंच. मग एकदा गोंदियाच्या बाजारातून ती पाखरांची एक जोडी घेऊन आली. विकणारा गुड्डू त्यांना बजरी म्हणतो, गावातली पोरं लव्हबर्ड म्हणतात. एक हिरवं, एक निळं. नराचं नाक निळं असतं आणि मादीचं मातकट, हेही तिनंच मला शिकवलं. जुन्या कोंबड्यांच्या खुराड्याला तिनं नवी जाळी लावली, आत बाजूला भोक पाडलेलं मडकं टांगलं आणि राळ्याची वाटी ठेवली.

उमरावांनी पाहिलं आणि माझ्यावर गरजले, "वावरात पाखरं हाकलू हाकलू माहा गळा बसून राहिला, अन् हे घरात दाने टाकून त्यायले पोसून राहिली! तिले सांग, डोकं ठिकाण्यावर आहे का?"

"त्यायले सांग, आहे," रीता म्हणाली.

मादी मडक्यात शिरली आणि बाहेर येईना. नर बाहेरून भोकाशी यायचा, मान वरखाली करून खाल्लेलं वर काढायचा आणि तिला चोचीनं भरवायचा. मी रीताला म्हटलं, "पाय, नवरा असा असावा." बोलून गेले आणि जीभ चावली. पण रीता हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मला त्या पाखरांचा एकदम लळाच लागला.

पिल्लं निघाली ती तुम्ही पाहायला हवी होती. उकडलेल्या झिंग्यासारखी गुलाबी, डोळे मिटलेले, अंगावर लव नाही. अंडी एकाआड एक दिवस घातलेली, म्हणून पिल्लंही मागेपुढे निघतात. मोठं डोळे उघडतं तेव्हा धाकटं नुकतं कवचातून निघालेलं असतं. उन्हाळ्यात निघालेली वाढली, त्यांनी जोड्या जमवल्या, रीतानं आणखी मडकी टांगली. पावसाळा संपता संपता घरात नुसता किलबिलाट होता. रीता पहाटे उठायची, मडकी उतरवून पिल्लं ओंजळीत घ्यायची, त्यांच्या बुडाखालची घाण पुसायची, कोरडा भुसा घालायची आणि पुन्हा जागेवर टांगायची. तांदूळही निवडायची, गाणंही म्हणायची.

त्यात एका मडक्यातलं सगळ्यात धाकटं पिल्लू मागे पडलं. मोठी भावंडं अंगावर चढायची, आईची चोच त्याच्यापर्यंत पोचायची नाही. रीतानं ते काढून घेतलं. खोक्यात चिंध्या, वर छोटा बल्ब. रवा शिजवायची, त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कालवायची, मनगटावर थेंब टाकून ऊन किती ते बघायची आणि बिनासुईच्या पिचकारीनं चोचीच्या कडेला थोडं थोडं सोडायची. गळ्याखालची पिशवी फुगली की थांबायचं, रिकामी झाली की पुन्हा.

उमराव बाजेवर बसून विळ्याला धार लावत हे बघायचे. विळ्याला एवढी धार लागली की गवत घाबरून आपोआप पडलं असतं. पहिल्यांदा म्हणाले, "तिले सांग, थंडी सुटली, खोकं दारापासून सरकव." नंतर म्हणाले, "थे ओरडून राहिलं, ऐकू नाई येत का तिले?" आणि एकदा रीता विहिरीवर गेलेली असताना मी चुलीपाशी होते, तर हे खोक्यावर वाकून त्या मूठभर जिवाशी बोलत होते, "येते ना, येते. पानी आनाले गेली थे." मी भांडं वाजवलं नाही, खोकले नाही, तशीच उभी राहिले. मुलीशी जे बोलायचं राहिलं होतं ते हा माणूस पिल्लाशी बोलत होता.

मग धान कापणीला आला. आमच्याकडे हलका धान आधी निघतो, भारी धान मागून. हलका कापून झाला होता. एका संध्याकाळी उमरावांनी मला विचारलं, "थे पिल्लावाले पाखरं, काय आवडते त्यायले?"

रीता आतून मला उद्देशून, पण चांगल्या चढ्या आवाजात म्हणाली, "माय, पिल्लायले भरवताना त्यायले कवळा दाना लागते. दाबला का दूध निघालं पायजे. सुका दाना तर रोजचाच आहे."

उमराव "हं" म्हणाले आणि विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते वावरातून आले तेव्हा हातात धानाच्या हिरव्या लोंब्यांची जुडी होती. नवा धान आला की आम्ही चिमण्यांसाठी दाराला लोंब्यांची वेणी टांगतो, तशीच नीट गुंफलेली. ते माझ्याकडे आले नाहीत. सरळ खुराड्यापाशी गेले, जिथे रीता पाणी बदलत होती.

"बाई," ते म्हणाले, "हे घे. दुधावरच्या आहेत."

ती जन्मली तेव्हापासून ते तिला बाई म्हणायचे. बैठकीच्या दिवसापासून तो शब्द घरात ऐकला नव्हता. रीतानं हातातली वाटी खाली ठेवली, ओले हात ओढणीला पुसले आणि दोन्ही हातांनी जुडी घेतली. तिनं ती आत टांगली आणि पाखरं तुटून पडली. एकेक दाणा सोलून खायची आणि लगेच मडक्यात शिरून पिल्लांना भरवायची. "अरे, अरे, हळू!" उमराव हसत होते. मग त्यांनी एका लोंबीचा दाणा नखानं दाबला, दुधाचा थेंब बोटावर घेतला आणि खोक्यातल्या धाकट्याच्या चोचीला लावला. त्यानं चाटला. त्यांनी आणखी एक दाणा फोडला, आणखी एक. "बाई, पाय पाय, पिऊन राहिलं!" रीता त्यांच्या खांद्याला खांदा लावून बघत होती.

त्या संध्याकाळी बापलेक जेवतानाही बोलत होते. किती मडकी आहेत, कोणती मादी भांडकुदळ, आणखी जाळी लागेल का. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

जेवून उमराव वावरात राखणीला गेले. भारी धानात डुक्करं शिरत होती, कापणी होईपर्यंत ते तिकडेच राहणार होते.

सकाळी रीतानं मला हाक मारली. नुसतं "माय" म्हणाली, पण मी हातातलं टाकून धावले. पाखरं खुराड्याच्या तळाशी पडली होती. काहींचे पंख पसरलेले, काही अजून थरथरत होती. आम्ही पाणी पाजून पाहिलं, ते चोचीतून बाहेर आलं. रीतानं मडकी उतरवली. आत पिल्लं एकमेकांना चिकटून थंड झाली होती, गळ्याखालच्या पिशव्या भरलेल्याच. पोट भरून मेली होती.

रीतानं टांगलेली जुडी ओढून काढली, नाकाशी नेली आणि माझ्यापुढे धरली. वास माझ्या ओळखीचा होता. त्याच आठवड्यात भारी धानावर तुडतुडा पडला होता आणि उमरावांनी औषध मारलं होतं. पंपात पाणी ओतायला मीच होते. धानाच्या बांधीत उतरू नको, धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत गाईला आणू नको, असं त्यांनीच मला बजावलं होतं. पण हलका धान कापून गेलेला, हिरवा दाणा उरला होता तो फक्त तिथेच. मुलीनं सांगितलं कवळा पाहिजे, तर हा माणूस एकेक लोंबी दाबून दूध बघत फिरला असेल. दूध बघितलं, औषध विसरला. मुलीला काय द्यावं याच विचारात असणार. दुसऱ्या कुणासाठी नेत असता तर नक्की आठवलं असतं.

धाकटं अजून जिवंत होतं. रीतानं त्याला तळहातावर घेतलं, बल्बखाली धरलं, कोमट पाण्याचे थेंब दिले. मान सावरत नव्हती तर बोटाचा आधार दिला. मी तिला म्हणत होते, जगते, हे जगते, ते तुह्यासारखंच चिवट आहे. उन्हं अंगणात आली तेव्हा ते तिच्या हातातच गेलं. मी मोठ्यानं रडले. रीता रडली नाही. तिनं परसात कुदळीनं खड्डा केला, सगळी पाखरं एका जुन्या ओढणीत गुंडाळून आत ठेवली आणि माती ओढली.

माती ओढता ओढता म्हणाली, "बाबाले सांगू नोको."

"काऊन? औषधाचं ध्यान नाई राह्यलं त्यायले. जानून थोडीच केलं?"

"म्हनूनच नोको सांगू, माय. त्यायनं किती दिवसानं मले काई देलं. स्वताच्या बोटानं पाजलं त्याले. त्याच्यानंच मेले म्हनून कसं सांगू? पुना कोनालेच काई द्याले त्यायचा हात उठनार नाई."

"मंग काय सांगशीन?"

"गुड्डूले इकले म्हनून सांगीन."

"थे चिडतीन तुह्यावर."

"चिडू दे. तुले माही आन आहे." आणि तिनं माझा मातीनं भरलेला हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. एकुलत्या एक पोरीच्या डोक्यावर हात ठेवून काय बोलणार? मी हो म्हटलं. मला तिचाही राग आला आणि बापाचाही. दोघांचाही जीव एकमेकांत, आणि दोघंही असे.

कापणी उरकली आणि उमराव परतले. फाटकातूनच हाक आली, "बाई! ओ बाई!" काखेत नवं मडकं होतं. राखणीला बसल्या बसल्या त्यांनी स्वतः त्याला भोक पाडलं होतं. "हे घे, नव्या जोडीसाठी. कुंभारानं पाडलं तं तडकते, म्हनून म्याच..."

मग त्यांना खुराडं दिसलं. रीतानं ते धुऊन उन्हात उलटं घातलं होतं.

"पाखरं कुठं आहेत?"

"इकले," रीता म्हणाली.

"सारेच?"

"सारेच. गुड्डूच घेऊन गेला."

"अन् थे धाकलं? हातानं भरवत होती थे?"

"थे बी."

उमरावांनी मडकं हळूच खाली ठेवलं. चिडतील, ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"भुपेंद्रची माय बैठकीत बोलली ना, तुह्यात माया नाई म्हनून," ते म्हणाले. "मी तिच्यावर चिडून होतो, बाई. तुह्याशी बोलत नव्हतो, पन रोज मनात तिच्याशी भांडत होतो. आज वाटते, तिचंच खरं होतं."

माझं तोंड उघडलं. रीतानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्याचा स्पर्श माझ्या हाताला अजून जाणवत होता. मी तोंड मिटलं.

"असन, बाबा," रीता म्हणाली.

ते न जेवता परत वावराकडे निघाले. फाटक त्यांनी नेहमीसारखं आदळलं नाही, हळू लावून घेतलं.

रीतानं मडकं उचललं. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. पाखराच्या पंखाला लागू नये म्हणून उमरावांनी ती कड घासून घासून गुळगुळीत केली होती.

"पाय ना माय," ती म्हणाली, "किती घासली त्यायनं." आणि मग ते मडकं पोटाशी धरून ती रडायला लागली, ओढणी तोंडात कोंबून, रस्त्यानं जाणाऱ्या बापाला ऐकू जाऊ नये म्हणून.