वजन कुठं बसलंय

"अप्पा, बघा की, वळतच न्हाय ही!"

प्रतीक्षाची रिमोटची हातभर गाडी विटेपाशी आली, पुढची चाकं पार वळली, पण गाडी सरळच घसरत गेली आणि भिंतीला धडकली.

उमरग्याच्या हायवेवरचा वजनकाटा रविवारी बंद असे. तिथल्या सिमेंटच्या आवारात विटा मांडून तिची सकाळपासून खटपट चालली होती. ती सोलापूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि रिमोटच्या गाड्यांची शर्यत पंधरा दिवसांवर आली होती. तिचा बाप वीरप्पा सावलीत बसला होता. शेजारी आई तारामती, डबा घेऊन आलेली.

वीरप्पा एकोणीस वर्षं या काट्यावर कामाला होता. त्याआधी ट्रक चालवायचा. काट्यावर आलेल्या प्रत्येक ट्रकभोवती तो एक फेरी मारी आणि ड्रायव्हरला म्हणे, "माल जरा पुढं घ्या. काटा वजन सांगतो, वजन कुठं बसलंय ते न्हाय सांगत." ड्रायव्हर हसत. एखादा ऐके.

"बॅटरी मागं बसवलीस व्हय?" त्यानं विचारलं.

"मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून. मोटर पण तिकडंच आहे."

"मग पुढची चाकं हलकी पडली. हलकं चाक नुसतं तोंड फिरवतं, गाडी न्हाय फिरवत."

प्रतीक्षानं घरून आणलेले दोन छोटे काटे काढले. पुढची चाकं एकावर, मागची दुसऱ्यावर ठेवली. शंभरातलं तीस वजन पुढं, सत्तर मागं. तिनं बॅटरी पार पुढं नेऊन बांधली. आता वळणावर गाडीचं बूड झटक्यात बाहेर गेलं आणि गाडीनं गिरकी घेतली. मग वीरप्पा उठला, बॅटरी दोन बोटं मागं सरकवली. या खेपेला गाडी तिन्ही विटांना अंग चोरून वळसा घालून आली.

"न मोजता कसं कळलं तुम्हाला?" प्रतीक्षा खुशीत आली होती.

वीरप्पा गाडीकडंच बघत होता. "ट्रकात पुढं वजन नसलं की स्टेरिंग हाताला लई हलकं लागतं. मल्लू बी तेच म्हनला हुता."

तारामतीचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. "मल्लू? कवा?"

मल्लिनाथ तिचा पाठचा भाऊ, वीरप्पाच्या ट्रकवर क्लीनर. एकोणीस वर्षांपूर्वी आळंदजवळच्या वळणावर ट्रक खाली गेला, त्यात तो गेला. म्हैस आडवी आली, असं वीरप्पानं सांगितलं होतं. लोक म्हणाले, क्लीनर झोपला असणार, जागा असता तर ओरडला नसता? तारामतीनं पुढं कधी दारात म्हैस बांधू दिली नाही.

"म्हैस न्हवती," वीरप्पा म्हणाला.

त्या दिवशी ट्रकात शहाबादी फरशी सगळी मागं रचलेली. पुढची जागा आळंदच्या व्यापाऱ्याच्या पोत्यांसाठी ठेवली होती, आणि पोती मिळालीच नाहीत. फरशी पुढं घ्यायला हमाल नव्हते.

"मल्लू म्हनला, दाजी, स्टेरिंग हलकं लागतंय ना, मग आपुन दोघंच सरकवू. तीन घंटे गेले असते. म्या म्हनलं, चल, उमरगा काय लांब हाय, जेवायला घरी पोचू. वळणावर म्या स्टेरिंग फिरवलं. गाडी सरळच गेली."

"आन् त्यो?"

"जागाच हुता. 'दाजी, वळवा' म्हनला. दोनदा."

प्रतीक्षानं रिमोट बंद केला. तारामतीनं डब्याचं झाकण परत घट्ट लावलं. मग उठली, पदर खोचला.

"मला नगा सांगू," ती म्हणाली. "माझ्या आईला सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तिच्या माहेरी, मुरूमला जाणाऱ्या एसटीत बसले. तारामती पुढच्या सीटवर, तो मागं.

ऐंशीची लक्ष्मम्मा अंगणात तूर पाखडत होती. जावयाला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. वीरप्पा बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. फरशी, पोती, वाचवलेले तीन तास, खोटी म्हैस. काही गाळलं नाही. म्हातारीचं सूप आधी हळू झालं, मग थांबलं. ती पायातली वहाण काढील, याची त्यानं तयारी ठेवली होती.

"म्हंजे," तिनं विचारलं, "त्यो झोपला न्हवता?"

"न्हाय, मामी."

"तुमाला सांगत हुता?"

"शेवटपर्यंत."

लक्ष्मम्मानं सूप खाली ठेवलं. गुडघ्यावर हात देत उठली आणि शेजारणीच्या घराकडच्या कुडापाशी गेली.

"प्रेमाबाई! ए प्रेमाबाई! भाईर ये गं. माझा मल्लू जागा हुता! एकोणीस वरसं म्हनलासा समदी, झोपला म्हनून गेला. जागा हुता माझा लेक!"

बोलता बोलता ती कुडावर ओणवली. तारामती धावली, तिनं आईला दोन्ही हातांनी सावरलं. आजूबाजूच्या बाया एकेक करून कुडापाशी जमल्या. येईल तिला म्हातारी तेच सांगत होती. ऐकून झालं की जी ती अंगणाकडं बघत होती.

अंगणात वीरप्पा उन्हात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. त्यानं मान खाली घातली नाही.