खालचा पट्टा

मी एक नारंगी लाइफ जॅकेट. माणसाला पाण्यावर तरंगत ठेवणं हे माझं काम, पण खरं सांगू, मला स्वतःचीच खात्री नव्हती. चिखलीच्या एका वर्कशॉपात शिवला गेलो आणि विजेच्या लाइन दुरुस्त करणाऱ्या टोळीच्या गाडीत कोरडाच पडून राहिलो. कुणी मला उशाला घेई, कुणी माझ्यावर बसून डबा खाई.

टोळीतले मन्सूरभाई नदीकाठच्या कामाला मला घालायचे, पण अर्धवट. पुढचं बक्कल लावत, दोन पायांमधून येणारा खालचा पट्टा मात्र लोंबता ठेवत. तो सुटा असला की पाण्यात मी वर सरकतो आणि माणूस खालून निसटतो. हे मला ठाऊक होतं; सांगणार कसं?

त्या सकाळी निघोज्याजवळ इंद्रायणीकाठच्या खांबावरची तार बदलायची होती. टोळीतली तेजल बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर परतली होती.

"मन्सूरभाई, खालचा पट्टा."

"अगं, लंगोट तुझ्या लेकाला बांध."

"त्याला बांधूनच आले. तो तुमच्याइतकी कटकट करत नाही."

सगळे हसले. हसता हसता मन्सूरभाईंनी पट्टा ओढून लावला आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या अंगाला नीट बसलो.

लाइन बंद करून जुनी तार खाली सोडली, तर तिचं टोक जलपर्णीत अडकलं. सोडवायला मन्सूरभाई पुढे झाले. काठ कुठे संपतो ते दिसेना. हिरवळ समजून त्यांनी पाय टाकला आणि आम्ही दोघंही आत.

पण पट्टा ताणला गेला, मी जागचा हललो नाही, आणि त्यांचं तोंड पाण्याबाहेर आलं. काठावरचा एक जण उडी मारायला निघाला, तेजलनं त्याचा दंड धरला. "उडी नको, दोरी फेका."

दोरी धरून वर आल्यावर मन्सूरभाई खोकत म्हणाले, "तेजल, लेकाला सांग, चाचानं ऐकलं."

घरी त्यांच्या बायकोनं, खैरुन्निसानं, मला धुतलं. अडकलेली मुळं बोटांनी सोडवली. मग ओला असतानाच मला पोटाशी धरलं, सोडेचना.

"अगं, मी इकडं आहे," मन्सूरभाई मागून म्हणाले.

काठावर ओढताना माझी शिवण उसवली; आता मला कामावर नेत नाहीत, नेऊही नये. तक्रार नाही, आभारच आहेत. फक्त एवढं करा, पाणी गुडघाभर दिसलं तरी सगळे पट्टे लावा. घरी तुम्हाला धरणारं कुणीतरी असतं. तिथवर पोचवणं एवढंच आमचं काम.